झटका तिच्या मानेला, बोट तिच्या आईकडे

मैत्रिणींनो, या लेखात मी बऱ्याच जणांवर टीका करणार आहे. म्हणून सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात तेवीस वर्षांची एक मुलगी आली. सोबत आई होती. लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते आणि नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. बोलता बोलता तिची मान झटक्यानं उजवीकडे वळायची, डोळे लागोपाठ मिटायचे, आणि मधूनच घशातून उचकीसारखा एक आवाज यायचा. सासरचं म्हणणं, "वेडी पोर गळ्यात मारली, आमची फसवणूक केली." शेजारपाजारचं म्हणणं, बाहेरची बाधा आहे. वडिलांचं म्हणणं, आईनं लाडावून ठेवली, लहानपणीच दोन थोबाडीत दिल्या असत्या तर ही खोड गेली असती. आई काहीच म्हणत नव्हती. पदराचं टोक पिळत बसली होती.

मी काय केलं? मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, चळवळीत वाढलेली. मी केसपेपरवर लिहिलं, 'कौटुंबिक हिंसेच्या ताणाची शारीरिक अभिव्यक्ती'. लिहून मला बरंही वाटलं. बाईचं शरीर तिच्यावरचा अन्याय बोलून दाखवतं, हे आपण शिबिरांतून किती वेळा म्हटलेलं असतं! मी तिला दर आठवड्याला समुपदेशनाला बोलावलं आणि आडून आडून एकच प्रश्न विचारत राहिले, "तुला लहानपणी कुणी काही केलं होतं का?" तिसऱ्या खेपेला ती वैतागली. म्हणाली, "ताई, तुम्ही पण त्या देवऋष्यासारखंच विचारता. तो म्हणतो कुणी केलं, तुम्ही पण म्हणता कुणी केलं."

त्या वाक्यानं मी गप्प झाले. मग पहिल्यांदा तिच्या आईला साधा प्रश्न विचारला, "हे सुरू कधी झालं?" आईला सगळं तारीखवार आठवत होतं. पहिलीत असताना आधी डोळे मिचकावणं. मग ते गेलं आणि नाक उडवणं आलं. मग खांदा. दहा-बारा वर्षांची असताना सगळ्यात जास्त. नंतर खूप कमी झालं, लग्नानंतर पुन्हा वाढलं. झोपेत जवळजवळ नसतं. शिलाई मशीनवर बसली की तासन् तास नसतं. आणि हो, मोठ्या चुलत्यांनाही सारखं खाकरायची सवय आहे.

ही माहिती त्या माउलीकडे सतरा वर्षं होती. तिला ती कुणी विचारलीच नव्हती. एका मज्जाविकारतज्ज्ञानं ही हकिकत ऐकून, मुलीला तपासून, पंधरा मिनिटांत नाव सांगितलं: टुरेट सिंड्रोम. नाव ऐकल्यावर आईचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हता. तिनं विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं नाही ना?"

या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहिते आहे. आपल्याकडे आजाराचं कारण शोधायचं म्हणजे गुन्हेगार शोधायचा असं समीकरण आहे, आणि गुन्हेगार बहुतेक वेळा बाईच निघते. टुरेटच्या कारणांचा गेल्या दोनशे वर्षांचा शोध पाहिला तर हे समीकरण फक्त आपल्याकडचं नाही हेही कळतं.

आधी आजार म्हणजे काय ते सांगते. टिक म्हणजे अचानक होणारी, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. डोळे मिचकावणं, मान झटकणं, खांदे उडवणं. खाकरणं, सूं सूं करणं, एखादा शब्द तोंडून निसटणं. हालचालींच्या निदान दोन टिक, आवाजाची निदान एक, वर्षाहून जास्त काळ, आणि सुरुवात अठरा वर्षांच्या आत, असं असेल तर डॉक्टर त्याला टुरेट म्हणतात. बहुधा पाच ते सात या वयात सुरुवात होते, दहा-बाराव्या वर्षी जोर असतो, आणि अनेकांना मोठेपणी पुष्कळ उतार पडतो. टिक येण्याआधी त्या जागी एक प्रकारची अस्वस्थता दाटून येते आणि टिक झाली की सुटल्यासारखं वाटतं. शिंक दाबावी तशी ती थोडा वेळ दाबता येते, कायमची दाबता येत नाही. म्हणून मास्तर म्हणतात, "मघाशी बरी गप्प बसली होतीस, म्हणजे आता मुद्दाम करतेस." ती मुद्दाम करत नसते. मघाशी ती जिवाच्या करारानं दाबत असते, आणि त्या नादात तिला फळ्यावरचं काही कळलेलं नसतं.

शाळकरी वयाच्या हजार मुलांमागे सुमारे तीन ते आठ जणांना हा आजार असतो. म्हणजे फारसा दुर्मीळ नाही. आणि त्याची जी ओळख सगळ्यांना आहे, तोंडातून शिव्या बाहेर पडणं, ती दहा-पंधरा टक्क्यांतच दिसते. मग जगानं नेमकं तेवढंच कसं लक्षात ठेवलं?

इथे इतिहासात डोकवावं लागतं. या आजाराची जी पहिली तपशीलवार नोंद मानतात ती एका बाईची आहे. १८२५ साली ईतार या फ्रेंच डॉक्टरनं एका उमराव घराण्यातल्या स्त्रीबद्दल लिहिलं. सातव्या वर्षी हातांच्या झटक्यांपासून सुरुवात झालेली ही मार्क्विज चारचौघांत बोलताना मध्येच किंचाळत असे, अर्वाच्य शब्द उच्चारत असे. साठ वर्षांनी, १८८५ साली, पॅरिसच्या सालपेट्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जील द ला टुरेट या तरुण डॉक्टरनं नऊ रुग्णांवर निबंध लिहिला, त्यातही ती पहिलीच. निबंधामुळे आजाराला टुरेटचं नाव मिळालं. मार्क्विजच्या वाट्याला काय आलं? तिच्या तोंडून निघालेले दोन-तीन अपशब्द आजही वैद्यकाच्या पुस्तकांत छापले जातात. घरंदाज बाई आणि तोंडात शिव्या, याची गंमत दोन शतकं ओसरलेली नाही. पुरुष शिव्या देतो तेव्हा त्याचं कारण शोधायला कुणी निबंध लिहीत नाही!

हेही लक्षात घ्या की हे सालपेट्रिएर म्हणजे तेच रुग्णालय, जिथे टुरेटचे गुरू शार्को 'हिस्टेरिया' झालेल्या बायकांना प्रेक्षकांपुढे उभं करून व्याख्यानं देत. तरीही शार्को आणि टुरेट यांनी हा आजार हिस्टेरियाहून वेगळा आणि आनुवंशिक मानला होता, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. पुढच्या पिढीनं मात्र ते मागे टाकलं. १९२१ साली फ्रॉइडचे सहकारी फेरेन्झी यांनी टिक म्हणजे हस्तमैथुनाचा पर्याय असल्याची मांडणी केली. त्यानंतरची चाळीसेक वर्षं मनोविश्लेषकांच्या लिखाणात दडपलेला राग, दडपलेली लैंगिक इच्छा आणि मुलाला मोकळं न सोडणारी आई ही कारणं फिरून फिरून येत राहिली. स्वमग्नतेच्या बाबतीतही तेच झालं, 'थंड आई' हे कारण म्हणून शास्त्राच्या नावानं खपलं. विचार करा, किती आयांनी डॉक्टरांच्या खोलीबाहेर पदराचं टोक पिळलं असेल.

हे मोडलं कसं? १९६०च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधानं टिक कमी होतात असं दिसू लागलं. न्यूयॉर्कमध्ये आर्थर आणि एलेन शपिरो या जोडप्यानं एका तरुण स्त्री-रुग्णावर त्याचा उपयोग केला आणि १९६८ साली तो प्रसिद्ध करताना मनोविश्लेषणाच्या मांडणीवर सडकून टीका केली. जी गोष्ट वर्षानुवर्षांच्या बोलण्यानं हटली नाही ती औषधानं कमी होते, तर मुळात ती मेंदूतली नसेल कशावरून, असा त्यांचा सवाल होता. आणि १९७२ साली रुग्णांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत स्वतःची संघटना उभी केली. हे मला महत्त्वाचं वाटतं. दोषी ठरवलेल्या माणसांनी एकत्र येऊन 'आमच्यावर नाही, आमच्या आजारावर संशोधन करा' असं म्हटलं. संघटनेचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको.

आज काय कळलं आहे? हालचाली सुरू करणं आणि थोपवणं याचं काम मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया या भागातून आणि त्याला मेंदूच्या बाहेरच्या थराशी जोडणाऱ्या मार्गांतून चालतं. टुरेटमध्ये या मार्गांच्या कामात फरक असतो, नको असलेली हालचाल नीट थोपवली जात नाही, आणि त्यात डोपामिन या रसायनाचा हात आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. १९८५ साली जुळ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांत एकाला टुरेट असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ५३ टक्के निघालं, वेगळ्या जुळ्यांत ८ टक्के. म्हणजे अनुवंश आहे, पण तो विधिलिखित नाही. नाहीतर पहिला आकडा शंभर आला असता. २०१० साली एका कुटुंबात एचडीसी नावाच्या जनुकातला बदल सापडला. त्या घरात आजार होता वडिलांना आणि त्यांच्या आठही मुलांना. आईला नव्हता! अर्थात असा एकाच जनुकातला बदल अगदी क्वचित सापडतो. २०१७ साली दोन जनुकांतले मोठे फेरबदल पुढे आले, तेही शंभरातल्या एखाद्याच रुग्णात. बहुतेकांत अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येतात, आणि त्यात जन्माआधीच्या व नंतरच्या इतर गोष्टी मिसळतात.

आता कुणी म्हणेल, बरं झालं, विज्ञानानं बाईला सोडवलं. मैत्रिणींनो, इतक्यात पेढे वाटू नका. 'बाधा' गेली, 'लाड' गेले, तर त्यांच्या जागी 'रक्तातला दोष' येऊन बसतो. ज्या समाजात स्थळ पाहताना सात पिढ्या चाळल्या जातात, तिथे अनुवंश हा शब्द सोयरीक मोडायला आयताच सापडतो. मुलगा डोळे मिचकावत असेल तर 'जरा चळवळ्या आहे', मुलगी मिचकावत असेल तर 'घराण्यात काहीतरी आहे'. आमच्या मुलीच्या बाबतीत खाकरणारे चुलते वडिलांकडचे होते. तरी सासरच्या तोंडी शब्द होता, 'आईचं बघा आधी.'

कायदाही इथे फारसा निर्मळ नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५मध्ये वेडाबरोबर फेफऱ्याचाही उल्लेख होता. फेफरं येतं म्हणून विवाह रद्द मागता यायचा, आणि त्याचा मार कुणावर पडायचा ते आपल्याला ठाऊक आहे. १९९९ साली तो शब्द काढला गेला. पण 'विवाहास आणि संततीस अयोग्य ठरेल इतका मानसिक विकार' ही शब्दरचना आजही तिथे आहे. टुरेट हा मज्जासंस्थेचा विकार आहे, त्यानं बुद्धी जात नाही, संमती देण्याची क्षमता जात नाही. तरी 'वेडी आहे' एवढं अर्जात लिहून टाकायला काय लागतं? आमच्याही केसमध्ये समोरच्या वकिलानं ते लिहिलंच. आणि मला सगळ्यात लाज वाटली ती या गोष्टीची की आमच्या केंद्राच्या कागदावर 'ताणाची शारीरिक अभिव्यक्ती' असं मी स्वतः लिहून ठेवलं होतं. त्यातून उद्या कुणीही मनोविकार सिद्ध करू पाहिला असता. भलं करायच्या घाईत आपण आपल्याच बाईच्या विरोधात पुरावा तयार करतो.

म्हणून हे नीट समजून घेऊ. ताणानं टिक वाढते. ताणानं टुरेट होत नाही. सासरच्या छळानं तिची मान जास्त झटकू लागली, हे खरं. त्या छळानं तिला आजार झाला, हे खोटं. पहिल्या गोष्टीसाठी भांडायला आपल्याला दुसरी गोष्ट खोटी सांगायची गरज नाही. हिणवणं, नक्कल करणं, अपमान करणं हा २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात भावनिक छळच आहे, मग आजाराचं मूळ कुठेही असो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धवट बोलले असं होईल. २०२० आणि २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, इंग्लंड, जर्मनी, कॅनडा, अमेरिका अशा देशांत अनेक किशोरवयीन मुलींना अचानक, काही तासांत वा दिवसांत, तीव्र टिकसारख्या हालचाली सुरू झाल्या. डॉक्टरांनी पाहिलं की ही सुरुवात टुरेटसारखी नाही: वय मोठं, लहानपणच्या खुणा नाहीत, पहिल्या दिवसापासून गुंतागुंतीच्या हालचाली. याला 'कार्यात्मक' टिकसारखं वर्तन म्हणतात आणि त्याचे उपचार वेगळे असतात. अशा मुलींच्या बाबतीत ताण, चिंता, एकटेपणा यांचा विचार करावाच लागतो. पण वर्तमानपत्रांनी काय केलं? मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पोरी नाटकं करतात, असा सूर लावला. हिस्टेरियाचं भूत दीडशे वर्षांनी पुन्हा उठलं. त्या मुली सोंग करत नव्हत्या, आणि टुरेट असलेल्या मुलीही सोंग करत नसतात. दोघींना नीट तपासून घेण्याचा हक्क आहे. तो फरक करायचं काम तज्ज्ञाचं आहे. शेजारणीचं नाही, संपादकाचं नाही, आणि माझ्यासारख्या समाजकार्यकर्तीचंही नाही.

आणखी एक गोष्ट बोचते. टुरेटचं निदान मुलग्यांत मुलींच्या तीन-चारपट होतं. हा फरक काही प्रमाणात खराच असावा. पण 'हा मुलग्यांचा आजार' अशी समजूत पक्की झाली की मुलगी समोर असूनही दिसत नाही. वर्गात आवाज करणारा मुलगा डॉक्टरांकडे जातो. मुलगी लहानपणापासून 'नीट बस', 'तोंड वाकडं करू नकोस' ऐकत टिक दाबायला शिकते, बाथरूममध्ये जाऊन मोकळी होते. टुरेटच्या जोडीला अनेकदा ओसीडी असते, आणि मुलींमध्ये तिचं प्रमाण अधिक दिसतं. पण दहा वेळा हात धुणारी, भांडी पुन्हा पुन्हा घासणारी मुलगी आपल्याकडे आजारी ठरते का? ती टापटिपीची ठरते!

२०१८ साली 'हिचकी' हा हिंदी चित्रपट आला. त्यात राणी मुखर्जीनं टुरेट असलेल्या शिक्षिकेचं काम केलं. त्यामुळे निदान नाव तरी घरोघर गेलं, त्याचं मोल मी मानते. पण ती शिकलेली, इंग्रजी बोलणारी, शहरातली शिक्षिका होती. गावातल्या देवळापुढे केस मोकळे सोडून बसवलेल्या मुलीपर्यंत ते नाव अजून पोचायचं आहे. तिथे मानेचा झटका म्हणजे वारं आलं असंच समजतात. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो कायदा यायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. पण कायद्यानं मांत्रिकाला अडवल्यावर त्या मुलीनं जायचं कुठे, याचं उत्तर आपल्याला द्यायला हवं.

आणि उत्तर आहे. टिकचा त्रास होत नसेल तर औषधाची गरजही नसते. घरच्यांना, शाळेला, सासरला समजावणं हाच निम्मा उपचार असतो. त्रास होत असेल तर औषधं आहेत, पण त्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. टिकच्या आधीची अस्वस्थता ओळखून तिच्या जागी दुसरी हालचाल करायला शिकवणारी पद्धतही आहे. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर तिची चाचणी झाली. ही पद्धत शिकलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत चांगली सुधारणा दिसली, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत पाचातल्या एकाहून कमी मुलांत. यात महागडं यंत्र नाही, शिकलेला माणूस लागतो. असा माणूस जिल्हा रुग्णालयात का नसावा?

म्हणून माझ्या मागण्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार मोजले आहेत, पण टुरेटचं नाव त्यात नाही. ते स्पष्टपणे यावं, म्हणजे परीक्षेत वेगळी खोली आणि जादा वेळ मागताना आईला दहा दारं झिजवावी लागणार नाहीत. अंगणवाडी सेविका, आशा आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात टिकबद्दल निदान एक तास असावा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमातही असावा. मला दोन वर्षांत या विषयावर एक परिच्छेद शिकवला गेला होता.

हे सरकारकडे. आपल्या गटांकडे माझं मागणं लहान आहे. आपल्या केसपेपरवर 'त्रासाचं कारण' असा एक रकाना असतो. तो भरायची घाई करू नका. त्याच्या वर एक ओळ वाढवा: 'हे केव्हा सुरू झालं, आणि कधी कमी-जास्त होतं?' आणि उत्तर आईला विचारा, आरोपी म्हणून नव्हे, जाणकार म्हणून.

ती मुलगी आता शिलाईचं काम करते. पोटगीचा दावा अजून चालू आहे. मान अधूनमधून झटकते. परवा केंद्रात आली तेव्हा नवी आलेली कार्यकर्ती तिच्याकडे टक लावून बघत होती. तिनं तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि टुरेट म्हणजे काय ते स्वतःच समजावून सांगितलं. मी मध्ये बोलले नाही.